शीळ घालणारा जोगी

झिलबोडीच्या तलावात जोगी राहतो, हे गावाबाहेर कोणाला खरं वाटत नसे. आणि गावातल्या निम्म्या लोकांनी तो जन्मात पाहिला नव्हता. पुस्तकात त्याचं नाव काळी तापस. पाखरू बगळ्याच्याच कुळातलं, पण बगळ्यांनी पंगतीतून उठवून दिल्यासारखं. बगळा पांढरा सदरा घालून बांधावर मिरवतो. हा कोळशासारखा काळा, मानेला हळदीचं बोट पुसल्यासारखा पिवळा पट्टा, आणि वस्ती देवधानात, म्हणजे तलावाच्या काठी पाण्यात आपसूक उगवणाऱ्या रानभाताच्या दाटीत. माणूस दिसला तर पळत नाही. चोच आभाळाकडे करतो, अंग चोरतो आणि देवधानाचं एक ताट, एक उभी काडी, होऊन जातो. वारा आला की ताटांबरोबर तोही डुलतो. मासे धरणाऱ्या एका ढिवरानं म्हणे ताट समजून त्याच्या गळ्यात आपल्या होडीची, डोंग्याची, दोरी अडकवली होती आणि दुपारभर झोप काढली होती. डोंगा जागचा हलला नाही. जोगीही नाही.

अशा पाखराचा पत्ता काढायचा तर त्यालाच विचारावं लागतं. ते काम कौतिका बावणेकडं होतं.

ढिवरांची ती जुनी रीत. आषाढ लागला की हाक देणारं माणूस सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून जोग्याच्या आवाजात तीनदा हुंकार देतं. मग गप्प बसतं. जोग्याचं पहिलं उत्तर जिथून येईल, तिथं लाल चिंधी बांधलेला बांबू रोवायचा. तो जोग्याचा पट्टा. पोळ्यापर्यंत तिथं जाळं टाकायचं नाही. मासोळीही त्याच गवतात अंडी घालते, हे जोग्याला माहीत असतं. म्हणून पट्टा राखला की वर्षभर तलाव राखला जातो. हाक देणाऱ्याचा शब्द कोणी तपासून पाहत नसे. बांबू रोवला म्हणजे रोवला.

कौतिकाचा बाप नथ्थू हे काम करायचा. त्याला मुलगा नव्हता, आणि असता तरी असा गळा असता का कोण जाणे. नथ्थूनं मुलीला सगळं शिकवलं. "नर उत्तर देते," तो सांगे. "अंड्यावर बसलेली जोगीण हूं का चूं करत नाही. साऱ्या झिलबोडीत हा एकच संसार असा, जिथं नवरा बोलते अन् बायको गप्प बसते." आपल्याच विनोदावर तो डोंगा हलेपर्यंत हसायचा.

अडतीस वर्षं कौतिकानं हाक दिली. अडतीस बांबू रोवले. एकही खोटा नाही.

मग तिची मुलगी समीक्षा शहरातून पेटी घेऊन आली.

समीक्षा पाखरांच्या आवाजाची विद्या शिकली होती आणि एका कंपनीत नोकरीला होती. कंपनी काय करते असं विचारलं तर ती म्हणायची, "पाणथळी वाचवते, माय." कौतिकाला बरं वाटायचं. लेक आपल्याच धंद्यात पडली, फक्त चप्पल घालून.

"पाखरू जागा डोळ्यानं निवडत नाही माय, कानानं निवडते," समीक्षा चुलीपाशी बसून सांगत होती. "वरून उडताना सगळं पाणी सारखंच दिसते. खाली साप आहे का, मासोळी पुरते का, हे कसं कळन? मग ते ऐकते. आपल्या जातीचं कोणी आधीच खाली बोलत असन, तर जागा चांगली. आपण नाही का, गर्दी असलेल्या हॉटेलात जेवाले बसत?"

"अन् गर्दी भाड्यानं आनली असन तं?"

समीक्षा हसली. "तेच तर यंत्र आहे आमचं. ओसाड झालेल्या पाण्यावर पेटी बोलायला लागली की पाखरं परत येतात. पण जोगी टेपवर फसत नाही. दोन दिवस येते, ऐकते अन् निघून जाते."

"काहून?"

"आम्हालाही कळत नाही."

कौतिकाला कळत होतं. तिनं भाकरी उलटली. "टेप बोलते. आयकत नाही. जोगी इचारते तवा ती आपलंच रेटते. अशा मानसापाशी तू तरी बसशीन का?"

समीक्षानं त्याच वाक्याचं पुढं यंत्र केलं. नुसता आवाज नको होता, गप्पा हव्या होत्या. दोन आषाढ कौतिका माइक लावून पाळीवर उभी राहिली. ती हुंकारायची, जोगी उत्तर द्यायचा, ती थांबायची, पुन्हा बोलायची. पेटी दोघांचं ऐकत होती. हुंकार पेटीनं आठ दिवसांत उचलला. गप्प कधी बसायचं, हे शिकायला तिला दोन वर्षं लागली. जोग्याच्या सुरात राग आला की थांब. वारा उलटला की थांब. काही समजलं नाही तर मुकाट्यानं थांबच. हे सारं कौतिकानं शिकवलं, आणि पेटी इतकी शहाणी निघाली की दर वेळी नवं बोलायची, तेच ते कधी नाही.

एक खोट तेवढी राहिली. पहिल्याच आषाढात कौतिकाचे पुढचे दोन दात पडले होते. त्यामुळं तिसऱ्या हुंकाराच्या शेवटी बारीक शीळ निघायची: हूं, हूं, हूंऽश्वी. जोग्याला तिचं काही वाटलं नाही. म्हाताऱ्यांना तो समजून घेत असावा. पेटीनं मात्र ती शीळही आवाजाचाच भाग समजून जिवापाड जपली. नंतर समीक्षानं आईला कवळी बसवून दिली. कौतिका ती घालून बोलायची, जेवायची, लग्नाला जायची. हाक देताना मात्र काढून पदराच्या गाठीत बांधायची.

तिसऱ्या आषाढात तिनं हाक दिली आणि उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पाळीवर मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष लहानूजी शेंदरे बांबू घेऊन उभे होते. ते कौतिकाच्या बरोबरीचे आणि जिभेनं तिखट.

"कौतिकाबाई, कवळी गिळली का काय?"

"गाठीत आहे."

"मग जोगी काहून बोलत नाही?"

"रुसला असन."

"आपल्याले रुसवा परवडत नाही वो," लहानूजी आवाज खाली आणून म्हणाले. "सोमवारी तपासनीवाली येते."

त्यांच्या आवाजातली भीती खरी होती. त्या काळात विजेची भूक एवढी वाढली होती की माळरानं संपून लोक पाण्याकडं वळले होते. तलावावर काठापासून काठापर्यंत सूर्यपाट्या अंथरायच्या. खाली अंधार, वर वीज. जिल्ह्यातले निम्मे तलाव असे झाकले गेले होते आणि तिथले ढिवर शहरात पाट्या पुसायला गेले होते. फक्त जिथं दुर्मीळ पाखरू राहतं, त्या पाण्याला हात लावता येत नव्हता. त्यासाठी तपासणी असे. तीन सकाळी कानपेटी लावायची. पाखरानं उत्तर दिलं तर तलाव जिवंत. नाही दिलं तर कागदावर दोन शब्द पडत: रिकामं पाणी.

आपला गळाच गेला, असं कौतिकाला वाटलं. मग दूधवाला बोलता बोलता म्हणाला, "बाई, कालव्यापलीकडं कंपनीनं नवं तळं केलं, तिथं तुमचा जोगी लय बोलते म्हणे." तिनं भाच्याची विजेवरची गाडी मागून घेतली आणि बारा किलोमीटर उन्हातून गेली.

तळं कसलं, काठाला सिमेंट लावलेली परात होती. कुंड्यांत वाढवलेलं गवत रांगेनं पाण्यात मांडलं होतं, शाळेतल्या मुलांसारखं. मधोमध एक तराफा, त्यावर काळी पेटी. कौतिका कुंपणाशी उभी राहिली. पेटी बोलली.

हूं, हूं, हूंऽश्वी.

गवतातून उत्तर आलं. मग दुसऱ्या बाजूनं आणखी एक. आणि तिसरं. तिन्ही आवाज कौतिकाच्या ओळखीचे होते. त्यांतला घोगरा तर सात वर्षं झिलबोडीच्या काठच्या वडाखालच्या देवधानात राहत होता. त्याच्यासाठी तिनं सात बांबू रोवले होते.

आपलाच आवाज आपल्या शेजाऱ्यांना घरातून बोलावून नेताना ऐकणं, हे फार कमी लोकांच्या नशिबी येतं.

समीक्षा कंपनीचं जाकीट घालून पत्र्याच्या खोलीतून बाहेर आली. आईला पाहून तिनं आधी जाकिटाची चेन वर ओढली.

"माय, आत ये, ऊन आहे."

"ओसाड पान्यावर पेटी लावतो, असं म्हनली होतीस तू. माहा तलाव ओसाड होता?"

"नाही."

"मग?"

समीक्षानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. "पाखरं पकडून हलवणं गुन्हा आहे. आपण होऊन गेली तर नाही. कंपनीला तलाव पाहिजे होता. पाट्या आज नाही तर चार वर्षांनी आल्याच असत्या. त्या आल्यावर जोगी मेलेच असते. मी पाखरं तरी वाचवली."

"तुले हे कवापासून ठाऊक?"

समीक्षा जाकिटाच्या चेनशी चाळा करत राहिली.

"माइक लावला तवा ठाऊक होतं?"

"दुसऱ्या वर्षी कळलं."

"दुसऱ्या वर्षी तूच मले चहा आनून देत होती पाळीवर," कौतिका म्हणाली. "आलं घालून. घसा बसू नये म्हनून."

समीक्षाचे डोळे भरले. कौतिकाला त्याचाही राग आला. रडायची पाळी तिची होती आणि तीही लेकीनं घेतली.

कुंपणाच्या आत घोगरा जोगी हुंकारत होता. कौतिकाच्या गळ्याशी एक हाक आली. नथ्थूनं शिकवलेली, आणि पेटीला कधी न दिलेली. घरट्यात साप शिरला की जोगी जी देतो, ती. एकदाच, कोरडी, फांदी मोडल्यासारखी: खाक्. "ही जन्मात एकदाच," बाप म्हणाला होता. "घरावर संकट असन तवा. ही आयकली की जोगी घरटं, अंडी, सारं सोडून उडते, अन् ज्या आवाजात आयकली त्या आवाजावर पुन्हा कधी भरवसा ठेवत नाही." ती दिली असती तर तळं घटकेत रिकामं झालं असतं. पण जवळच्या कुंडीत वाकलेल्या गवताचं घरटं होतं आणि त्यात चार अंडी. कौतिकानं हाक गिळली.

"पाखरं खरी आहेत," ती म्हणाली. "तू तेवढी खोटी निघाली."

सोमवारी तपासणीस खानोरकरबाई आल्या. पाळीवर त्यांनी कानपेटी मांडली. मिठाच्या बरणीएवढी ती पेटी माणसाची नक्कल ओळखायची, आणि टेपही ओळखायची, कारण टेप तेच ते बोलते. कौतिकानं नियमाप्रमाणं हाक दिली. देवधान डुलत राहिलं. मंगळवारीही तसंच. खानोरकरबाई स्वभावानं वाईट नव्हत्या. "मला ऐकायचं आहे हो," त्या म्हणाल्या. "पण नसलेलं कसं ऐकू?"

कौतिकानं लहानूजींना नव्या तळ्याची सगळी हकिगत सांगितली होती. ते म्हणाले, "खानोरकरबाईले सांगू."

"काय सांगनार? पाखरं आपल्या पायानं गेली."

बुधवारी सगळं गाव पाळीवर आलं होतं. मयताला जमतात तसं. कौतिकानं कवळी काढली, गाठीत बांधली आणि शेवटची हाक दिली. मग गप्प बसली.

वडाखालच्या देवधानातून उत्तर आलं. हूं, हूं, हूं.

कानपेटी हिरवी झाली. खानोरकरबाईंनी चष्मा वर केला. "काळी तापस. नर. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के." पाळीवर एक आवाज उठला, शंभर माणसांनी एकदम श्वास सोडल्याचा. लहानूजींनी बांबू कौतिकाच्या हातात दिला.

बाकी कोणी ऐकलं नव्हतं, ते कौतिकानं ऐकलं. तिसऱ्या हुंकाराच्या शेवटी, वाऱ्याच्या पोटात, एक बारीक शीळ होती.

कौतिकानं मान वळवली. गर्दीच्या मागं समीक्षा उभी होती. जाकीट नव्हतं. गुडघ्यांपर्यंत चिखल वाळलेला, हातांना देवधानाचे ओरखडे. ती आईकडं पाहत होती, लहानपणी परीक्षेचा निकाल दाखवताना पाहायची तशी.

कौतिकापुढं दोन वाटा होत्या. "ही पेटी आहे," एवढं म्हटलं की चाळीस वर्षांचा शब्द राहत होता आणि तलाव जात होता. बांबू रोवला की तलाव राहत होता आणि शब्द जात होता. आणि दोन्ही वाटा लेकीनंच आखलेल्या होत्या. कौतिकाला विचारलं कोणी नव्हतं. नव्या तळ्याच्या वेळी नाही, आताही नाही.

ती डोंग्यात बसली, वडाखाली गेली आणि बांबू रोवला. लाल चिंधी वाऱ्यावर उडाली. पाळीवर लोक नाचत होते. एकेचाळिसावा बांबू.

कौतिका परत आल्यावर समीक्षा काठाशी आली. "नोकरी सोडली माय. एक पेटी घेऊन आली पहाटे. चोरली म्हण."

"माहा आवाज तू दोनदा चोरला," कौतिका म्हणाली. "एकदा त्यांच्यासाठी. एकदा माह्यासाठी. दोन्ही वेळा मले नाही इचारलं."

रात्री मायलेकी एका घरात जेवल्या, एकमेकींकडं पाठ करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिका एकटीच डोंगा घेऊन पट्ट्यात गेली. पट्ट्यात जायचं नसतं. पण जिथं जोगीच नाही, तिथं कसला पट्टा? देवधान बाजूला सारलं तर आत पेटी बसलेली, गवतानं झाकलेली, एखाद्या बुवासारखी. कौतिकानं कवळी काढली आणि हाक दिली.

हूं, हूं, हूंऽश्वी, पेटी म्हणाली.

"लाज नाही वाटत?" कौतिकानं विचारलं.

पेटी थांबली. अचूक तेवढंच, जेवढं शिकवलं होतं. मग गोड हुंकारली. कौतिकाचे दोन दात नसतानाचे दिवस, आल्याचा चहा, लेकीचा पाठीवरचा हात, सगळं त्या आवाजात होतं. त्या आवाजाला कशाचाच पत्ता नव्हता. तो अजून आनंदात होता.

कौतिकाला ते सहन झालं नाही. आपलं म्हणून एकच उरलं होतं, पेटीला न दिलेलं. आता इथं कोणाचं घर होतं की जपून ठेवायचं? तिनं पोटातून ओढून ती हाक पेटीच्या तोंडावर मारली.

खाक्.

पेटीला काही समजलं नाही. ती मुकाट्यानं थांबली.

आणि पेटीपासून चार हातांवर देवधानाचं एक ताट हललं. काळं ताट, मानेला हळदीचं बोट. ते फुटलं, त्याला पंख आले आणि डोंग्यावरून, कौतिकाच्या डोक्यावरून, कालव्यापलीकडं निघून गेलं. मागं वाकवलेल्या गवतात घरटं होतं. तीन अंडी. कौतिकानं हात पुढं केला आणि न लावताच मागं घेतला. ती ऊब लांबूनच कळत होती.

ती जोगीण होती. तिचा नवरा भुलून नव्या तळ्यावर गेला होता. ही गेली नव्हती. दहा दिवस सगळं गाव पाळीवर उभं राहून विचारत होतं, कोणी आहे का, आणि ही अंड्यांवर बसून ऐकत होती. हूं नाही, चूं नाही. बापानं हसत हसत सांगितलेलं तेवढंच नेमकं कौतिका विसरली होती. एकेचाळिसावा बांबू खरा होता. कौतिका तिथं येईपर्यंत.

तिनं डोंगा मागं घेतला, पाळीवर बसली आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत वाट पाहिली. जोगीण परत आली नाही. देवधानात पेटी मात्र पुन्हा बोलायला लागली होती, त्याच आवाजात, शिळेसकट. त्या आवाजाला आता कोणी येणार नव्हतं. एकटी जोगीण किती जणींना सांगेल कोण जाणे, पण पाखरं ऐकतात, हे तर लेकीनंच शिकवलं होतं.

समीक्षा शोधत आली तेव्हा कौतिका कवळी हातात धरून बसली होती. जोगीण, अंडी, हाक, तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मायलेकींमध्ये आता हिशेबाला काही उरलं नव्हतं. दोघींनीही एकाच तलावाचा घात केला होता.

"पेटी काढून आन," कौतिका म्हणाली. "माहा आवाज पुसून टाक तिच्यातून."

"पुसते. मग?"

"मग इथं उभी राह्य. पाठ ताठ कर. हुंकार नाकातून नाही, पोटातून येते."

समीक्षानं आईकडं पाहिलं. "मी?"

"माह्या आवाजावर आता कोनी येनार नाही. तुह्या येईन."

"तुझा भरवसा आहे माह्यावर?"

कौतिकानं कवळी पाण्यानं धुतली, तोंडात बसवली आणि नीट चावून पाहिली.

"नाही," ती म्हणाली. "पण पाखराले ते ठाऊक नाही. दे हाक."